करारातली उचल आणि फडातली उचल

मी व्यापारी वादांत मध्यस्थी करतो. गोपनीयतेमुळे नावं सांगत नाही. एका बाजूला साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला त्याच्यासाठी ऊस बिलाची प्रणाली बनवणारी पुण्याची कंपनी. कारखान्यानं शेवटचा हप्ता अडवला होता. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर २०१८ पासून अशा व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. कायद्यानं मुदत तीन महिने, संमतीनं आणखी दोन. पण आमच्या डोक्यावर गाळप हंगाम होता.

मुख्य तक्रार अशी की, तोडणी-वाहतुकीच्या बिलातून उचल, म्हणजे ठेकेदाराला आगाऊ दिलेली रक्कम, चुकीची कापली जाते. कंपनीच्या वकिलांनी कलम वाचलं: 'उचल ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावी.' प्रणाली नेमकं तेच करत होती. वकील निर्धास्त झाले. मी शेतकी विभागाच्या माणसाला बोलतं केलं. तोवर तो गप्पच होता. "साहेब, एका ठेकेदाराच्या तीन गाड्या, तीन करार, तीन टोळ्या. एका टोळीचा मुकादम उचल घेऊन पळाला म्हणून दुसऱ्या टोळीचं बिल कापलं, तर ती फड सोडून जाईल. आम्ही करारागणिक कापतो." हे कार्यकारी संचालकांनाही नवीन होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मग कारखाना आणि कंपनी यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. रात्री अकराला मागणी, सकाळी उत्तर: 'करून देतो साहेब.' किती पैशांत, कधीपर्यंत, काहीच नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं, म्हणून तर भांडण चिघळलं होतं.

वकिलांना चहाला पाठवलं (त्यांना आवडलं नाही) आणि चीफ अकाउंटंट व कंपनीचा इंजिनिअर यांना एका टेबलाशी बसवलं. करारात असून चुकलेलं, लिहिलं एक नि हवं दुसरं, आणि निव्वळ नवीन, असे मुद्दे वेगळे करायला सांगितले. खऱ्या चुका अगदी थोड्या निघाल्या. खडाजंगी झाली ती मधल्या गटावर. तो खर्च शेवटी निम्मा-निम्मा ठरला. चुका कंपनीनं फुकट दुरुस्त करायच्या, नव्या कामाचा दर वेगळा.

'समाधानकारक चालल्यावर पैसे' हे कलमही बदललं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी लागते. त्यामुळे चालू हंगामात प्रयोग करायला कारखाना धजत नव्हता. म्हणून मागच्या हंगामातल्या एका पंधरवड्याची बिलं नव्या प्रणालीत काढायची आणि रुपयापर्यंत जुळली की उरलेला निम्मा हप्ता द्यायचा, असं ठरलं. निम्मा लगेच. यापुढे बदल दोघांच्या सहीनंच.

ग्रुप बंद करायला मात्र कारखाना शेवटपर्यंत तयार झाला नाही.