अकोल्याचा मे महिना आणि ४.३ गिगाहर्ट्झ: जुन्या आय५-२५००के चा माझा अनुभव

इंटेलचा कोअर आय५-२५००के जानेवारी २०११ मध्ये आला. चार कोअर, ३.३ गिगाहर्ट्झचा मूळ वेग, ३२ नॅनोमीटर, ९५ वॅट. नावातला शेवटचा 'के' सांगतो की याचा मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) खुला आहे, वापरणाऱ्याने हवा तसा वाढवावा. माझ्या घरच्या डेस्कटॉपमध्ये झेड६८ चिपसेटच्या बोर्डवर हाच प्रोसेसर बसलाय आणि तो आजही रोज काम करतो. मी अकोल्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात घेतलेल्या तासांचे व्हिडिओ हँडब्रेक या प्रोग्राममधून लहान करून मुलांना देतो, कारण गावाहून ये-जा करणाऱ्या मुलांना मोठी फाइल उतरवून घेणं परवडत नाही. हे काम चारही कोअर पिळून काढतं आणि प्रोसेसरचा वेग वाढला की लागणारा वेळ जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. म्हणून ओव्हरक्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, मागे लागलो.

या प्रोसेसरबद्दल कुणालाही विचारा, ४.५ गिगाहर्ट्झ हाच आकडा ऐकू येतो. तो खोटा नाही. माझाही ४.५ ला चालला, पण जानेवारीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचंच, आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४१ अंश तर सहज असतात. त्या खोलीत, त्या महिन्यात जो वेग टिकेल तोच माझ्यासाठी स्थिर. पुढची सगळी धडपड त्यासाठीच होती.

आधी साफसफाई. कपाशीचा मुलूख असल्यामुळे इथल्या धुळीत रुईचे बारीक तंतू असतात. ते हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये अडकले की त्यावर धूळ बसते आणि आतल्या बाजूला घट्ट थर तयार होतो. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, पण वारा आरपार जातच नाही. ब्लोअरने तो थर निघाला नाही, पंखा उतरवून ब्रशने काढावा लागला. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली.

मूळ इंटेलचा छोटा हीटसिंक या कामाचा नाही. ओळखीच्या दुकानात वापरलेला हायपर २१२ इव्हो हा मोठा हीटसिंक मिळाला, चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला. दुकानदार म्हणाला, "सर, नवीनच घ्या ना आता. ह्याले अजून किती दिवस वापरसान?" नवीन म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच नवीन. माझं काम या मशीनवर होतंय, तर तिच्यातली उरलेली ताकद का सोडायची, असं माझं सरळ मत आहे. शिवाय माझ्या प्रोसेसरच्या पिढीची, सँडी ब्रिजची, एक खासियत आहे. सँडी ब्रिजमध्ये सिलिकॉन आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर आहे. २०१२ च्या आयव्ही ब्रिज या पुढच्या पिढीपासून काही वर्षं इंटेलने तिथे पेस्ट वापरली, आणि ते प्रोसेसर ओव्हरक्लॉकमध्ये पटकन तापतात. सोल्डरमुळे सँडी ब्रिजची उष्णता हीटसिंकपर्यंत लवकर पोचते.

चाचण्या सुरू करण्याआधी माझ्या नोट्स आणि व्हिडिओ असलेल्या हार्ड डिस्कची साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) काढून ठेवली. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. अस्थिर प्रोसेसर नुसताच बंद पडला तर बरं. तो चुकीचे बिट लिहूनही ठेवतो, आणि फाइल बिघडल्याचं महिन्यांनी कळतं. चाचणीसाठी एका जुन्या लहान एसएसडीवर वेगळं विंडोज टाकलं आणि सगळे प्रयोग त्यावरच केले.

वेग वाढवायला दोन वाटा असतात, बेस क्लॉक (मूळ घड्याळ) आणि मल्टिप्लायर. आधीच्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात मुख्यतः बस, म्हणजे तेव्हाचं मूळ घड्याळ, वाढवून ओव्हरक्लॉक व्हायचं. सँडी ब्रिजमध्ये पीसीआय एक्स्प्रेस, साटा, यूएसबी हे सगळे त्याच १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाशी बांधलेले आहेत. ते चार-पाच मेगाहर्ट्झने हललं तरी सगळ्यांना ओढ बसते, आणि त्यात डिस्कवरचा डेटाही आला. मी ते १०० वरच ठेवलं, फक्त मल्टिप्लायरला हात लावला. रॅम सुरुवातीला १३३३ वर आणि १.५ व्होल्टवर बांधून टाकली, म्हणजे काही बिनसलं तर संशय एकट्या प्रोसेसरवर राहील.

मूळ अवस्थेत चारही कोअर कामाला लागले की हा ३.४ वर चालतो आणि माझ्या नगाला तेव्हा साधारण १.१८ व्होल्ट लागतात. (एका नगाचा आकडा दुसऱ्याला लागू होत नाही, म्हणून माझे व्होल्ट जसेच्या तसे घालू नका.) तिथून मल्टिप्लायर एकेक पायरी वर, प्रत्येक पायरीला प्राइम९५ या प्रोग्रामने ताणाची चाचणी, कोसळला की व्होल्टेज थोडं वर. कमाल व्होल्टेज किती, हे आधीच ठरवलं होतं: १.३८. ती माझी लक्ष्मणरेषा. व्होल्टेज आणि उष्णता दोन्ही जास्त असतील तर सिलिकॉनमधल्या सूक्ष्म तारांची झीज वेगाने होते, आणि मला हा प्रोसेसर अजून काही वर्षं हवाय.

प्राइम९५ मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठीचा प्रोग्राम आहे. तो प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार फूरिए रूपांतराने करतो. उत्तर पूर्णांकच यायला हवं, पण मधला हिशोब दशांशात चालतो. शेवटी प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकाला नेला जातो आणि तो त्यापासून किती लांब होता हे तपासलं जातं. प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडलं की एक कोअर थांबतो आणि संदेश येतो: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. ०.५ म्हणजे दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये, इकडे की तिकडे ठरवायला काही आधारच नाही. पहिल्यांदा तो संदेश पाहिला तेव्हा मी बारावीच्या वर्गात तो फळ्यावर लिहून दाखवला, कारण मोजमापातली चूक कशी पकडावी याचं इतकं नेमकं उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. एक लक्षात ठेवा, आवृत्ती २७ पासून प्राइम९५ एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) वापरतो आणि प्रोसेसरला जुन्या आवृत्तीपेक्षा जास्त तापवतो. सँडी ब्रिजला एव्हीएक्स आहे, व्हिडिओच्या कामातही ते वापरलं जातं, त्यामुळे मी नवीच आवृत्ती चालवली.

निळी स्क्रीन आली तर तिच्यावरचा कोड वाचावा. शेवटी १२४ असेल तर प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची दुरुस्त न होणारी चूक कळवली आहे. १०१ असेल तर एखाद्या कोअरने वेळेत उत्तर दिलं नाही. या पिढीत दोन्हींचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो: कोअरला व्होल्टेज कमी पडतंय.

जानेवारीत ४.५ गिगाहर्ट्झ १.३६ व्होल्टला चाललं. खोली २२ अंशांवर, सगळ्यात गरम कोअर ७२ वर. म्हणजे खोलीपेक्षा ५० अंश जास्त. हा फरकच महत्त्वाचा आहे, कारण हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४१ वर गेली की तोच कोअर ९१ वर. ९८ ला हा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. शिवाय तापलेल्या सिलिकॉनमधून गळतीचा प्रवाह वाढतो, त्याने आणखी उष्णता निर्माण होते, आणि गरम ट्रान्झिस्टरला तोच वेग गाठायला व्होल्टेजही जास्त लागतं. थंडीत पास झालेली चाचणी उन्हाळ्याबद्दल काहीच हमी देत नाही.

मेची वाट बघण्याऐवजी मी उन्हाळा जानेवारीतच तयार केला. हीटसिंकचा पंखा त्याच्या किमान वेगावर, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणला, कॅबिनेटचा पंखा बंद केला आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमानावर डोळा ठेवला. कोअर ८८-९० ला पोचले आणि जे १.३६ व्होल्ट थंडीत निर्धास्त होते, त्यावर राउंडिंगचे संदेश यायला लागले. व्होल्टेज वाढवलं की उष्णता वाढे, उष्णता वाढली की पुन्हा व्होल्टेज कमी पडे. १.३८ ची रेषा आली तरी ४.५ स्थिर होईना. तो वेग मी तिथेच सोडला.

त्याचं गणित कागदावर मांडलं तर सोपं आहे. लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.४ ला १.१८ व्होल्ट धरून ४.५ ला १.३६ केले तर वीज पावणेदोनपट होते. ४.३ ला मला १.२८ पुरतात, तिथे ती दीडपटच्या जवळ राहते. म्हणजे ४.३ वरून ४.५ ला जाताना वेग मिळतो पाच टक्क्यांहूनही कमी, आणि विजेचा, पर्यायाने उष्णतेचा भार वाढतो १८ टक्के. ४.३ ला खोलीपेक्षा फरक ४२ अंशांचा आहे, ४१ च्या खोलीत कोअर ८३ वर. शेवटचे २०० मेगाहर्ट्झ मिरवण्यापुरते आहेत, कामाला त्यांचा उपयोग नाही.

४.३ ला रात्रभर प्राइम९५ पास झाला आणि दुसऱ्या दिवशी मशीन नुसतं बसलेलं असताना, एक वेब पान उघडं, बाकी काही नाही, आपोआप रीस्टार्ट झालं. या भागावर मला सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं, आणि माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. सगळे लोडची (पूर्ण कामाच्या भाराची) चाचणी घेतात. पण काम नसताना प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही उतरतं. मी ऑफसेट पद्धत वापरत होतो, म्हणजे प्रोसेसर जे व्होल्टेज मागेल त्यात ठरावीक बेरीज किंवा वजाबाकी. लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसू नये म्हणून लोड-लाइन कॅलिब्रेशन सर्वांत वरच्या पायरीवर होतं. त्यामुळे लोडला व्होल्टेज फुगायचं, ते आटोक्यात आणायला ऑफसेट उणे करावा लागायचा, आणि तोच उणे ऑफसेट निवांत अवस्थेतल्या आधीच कमी असलेल्या व्होल्टेजमधूनही कापला जायचा. उपाय उलट्या दिशेने होता. लोड-लाइन मधल्या पायरीवर आणलं, ऑफसेट शून्याच्या किंचित वर नेला. लोडचं व्होल्टेज तेच १.२८ राहिलं, निवांत अवस्थेतलं मात्र वर आलं. ते रीस्टार्ट थांबले.

यानंतरही मी समाधानी नव्हतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने इव्हेंट १९ शोधा. प्रोसेसरला आत चूक सापडली आणि त्याने ती स्वतःच दुरुस्त केली, अशी ती नोंद असते. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, चाचणी पास होते, व्हिडिओ पूर्ण होतो. माझ्याकडे अशा नोंदी व्हिडिओ रूपांतरित होत असतानाच्या वेळांच्या होत्या. व्होल्टेज अगदी एक पायरी वाढवल्यावर त्या बंद झाल्या. तिथून पुढे माझी स्थिरतेची कसोटी हीच राहिली: रात्रभर प्राइम९५, दिवसभर नेहमीचं काम, सेव्हन-झिपमध्ये मोठं फोल्डर दाबून पुन्हा तपासणं, आणि इव्हेंट १९ ची एकही नोंद नाही.

मग रॅम १६०० वर नेली, मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे पूर्ण फेरे करून घेतले. तिथे काही त्रास झाला नाही. डेटाची डिस्क त्यानंतरच परत जोडली.

मे आला तेव्हा भर दुपारी, खोलीतला कूलर मुद्दाम बंद ठेवून, प्राइम९५ लावला. सगळ्यात गरम कोअर ८५ ला गेला, हिशोबापेक्षा दोन अंश वर. नोंद एकही नाही. रोज कूलर चालू असतोच, फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवत नाही, कारण ती हवा ओलसर असते. ज्या व्हिडिओला पूर्वी तास लागायचा तो आता ४८ मिनिटांत होतो. मुलांना तास झाला त्याच संध्याकाळी फाइल मिळते, मला हवं होतं ते एवढंच.

एक शेवटची गोष्ट जुन्या बोर्डांची. त्यावरची सीआर२०३२ बॅटरी एव्हाना संपत आलेली असते. लाइट गेली आणि यूपीएसही बंद केलेला असला की बायोस (बोर्डची सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर जातं आणि ओव्हरक्लॉक नाहीसा होतो. बॅटरी बदलून घ्या आणि सेटिंग प्रोफाइल म्हणून साठवून ठेवा. बायोस असं मूळपदावर गेल्यावर विंडोज उघडायचंच नाकारत असेल, तर प्रोसेसरवर संशय घेण्याआधी साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) बघा. जुन्या बोर्डांत तो बऱ्याचदा एएचसीआयवरून आयडीईवर गेलेला असतो, परत एएचसीआय केला की विंडोज उघडतं.