लेक मिशिगनसाठी बोट: सेंटर कन्सोल की केबिनवाली?

अमेरिकेत लेक मिशिगनच्या काठी मिलवॉकीत राहून सॅमन मासे पकडायचं वेड लागलं की आज ना उद्या बोटीचा विषय निघतोच, आणि मग यूट्यूबवर फ्लोरिडावाल्यांच्या सेंटर कन्सोल (मधोमध स्टिअरिंग, बाकी सगळी उघडी बोट) बघून माणूस येडा होतो. दिसतात भारीच. पण ते लोक टीशर्टवर फिरतात, इकडे मे महिन्यात पण पाण्यावर हुडहुडी भरते, चारी बाजूंनी उघड्या बोटीत पहाटे उभं राहून बघा म्हणजे कळेल. त्यामुळे माझं मत सरळ वॉकअराउंड (केबिनच्या कडेने चालत पुढे जाता येतं ती) नाहीतर हार्डटॉपवाली, म्हणजे वर पक्कं छत असलेली एक्सप्रेस, दोन्हीत पुढे छोटी केबिन, हीटर असला तर सोन्याहून पिवळं.

लाटांचं म्हणाल तर समुद्रात मोठ्या लाटांमध्ये निदान अंतर तरी असतं, इथे ४ फुटांच्या पण एकामागोमाग आदळतात, अंगाचा पार खुळखुळा होतो. म्हणून डीप-व्ही हल, म्हणजे खोल V आकाराचा बोटीचा तळ लागतो, पण गंमत अशी की तोच हल ताशी २-३ मैलांच्या स्पीडला जास्त डोलतो आणि सॅमनसाठी तर डाउनरिगर (गळ खोल नेणारं वजन) सोडून दिवसभर त्याच स्पीडला ट्रोलिंग, म्हणजे बोटीमागे गळ ओढत फिरणं, करायचं असतं! रुंद बोट कमी डोलते, पण साडेआठ फुटांच्या वर गेली की ट्रेलरवर न्यायला बऱ्याच ठिकाणी परमिट लागतं.

सेकंडहँड घेताय तर गोड्या पाण्यातलीच बघा, खारं पाणी लागलेली स्वस्त मिळाली तरी मी नाही घेणार. आणि आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेलं इंजिन) असेल तर बेस्ट, हिवाळ्यात सरळ उभं ठेवलं की आतलं पाणी आपोआप निथळतं, इनबोर्डला (बोटीच्या आतल्या इंजिनाला) पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझचा सगळा सोहळा.