बेटांवरच्या फुटबॉलचे कारभारी

ऑक्टोबर जवळ आला की फिजीच्या राजधानीत, सुवामध्ये, माणसं आधी जिल्हा विचारतात, नाव मागाहून. बा, रेवा, लौतोका, लंबासा, नांदी. (विमान उतरतं ते नांदीलाच. इंग्रजीत लिहिताना मधला 'न' गाळतात, पण म्हणतात नांदी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार गोड वाटलं होतं.) आयडीसी, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांमधली फुटबॉल स्पर्धा, १९३८ पासून चालत आली आहे. त्या दिवसांत घरी पाहुणे, बाहेर रोटी पार्सलच्या रांगा आणि गाड्यांना आपापल्या जिल्ह्याचे झेंडे. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बाबांच्या खांद्यावर बसून बघितलेली. पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडणं म्हणजे काय, हे मला इथे कुणाला विचारावं लागलं नाही.

उसाचंही तसंच. इथल्या भारतीयांचे पणजोबा १८७९ ते १९१६ या काळात 'गिरमिट'वर, म्हणजे करारावर, उसाच्या मळ्यात राबायला आणले गेले. साठ हजारांहून जास्त माणसं. त्यांच्या मुलानातवंडांनी फुटबॉल उचलला, आणि १९३८ मध्ये जी संस्था उभी राहिली तिचं नावच फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन होतं. १९६१ साली नावातला 'इंडियन' गळला आणि खेळ सगळ्यांचा झाला. आजही इथे एक आव्हान करंडक खेळला जातो, त्याचं नाव फेअरब्रदर-सुधाकर. सुधाकर! परक्या मुलखात हे नाव ऐकलं आणि मला एकदम घरात आल्यासारखं झालं.

हे सगळं मला शेजारच्या काकांमुळे कळलं. इथेही वडिलांच्या धाकट्या भावाला काकाच म्हणतात, त्यामुळे हाक मारताना परकं वाटलं नाही. ते एका छोट्या क्लबचे खजिनदार आहेत, गेली कित्येक वर्षं. मी पेशाने अकाउंटंट, म्हणून एका रविवारी त्यांनी मला हिशेबाला बसवलं.

त्या दिवशी सुवाचा नेहमीचा पाऊस. गेटवरचे पैसे भिजून आले होते. इथल्या पाच डॉलरच्या नोटा प्लास्टिकच्या, त्यामुळे काकींनी त्या टॉवेलने पुसून टेबलावर ओळीने मांडल्या. तिकिटांची अर्धुकं मात्र कागदाची, त्यांचा लगदा व्हायच्या बेतात. ती आम्ही पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरली. मोजून झालं तेव्हा रोख दहा डॉलरने जास्त निघाली. क्लबची दोन पोरं म्हणाली, कमी तर नाही ना, राहू द्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "जादा भी गलती है, बेटी." पुन्हा सगळं मोजलं. रात्री अकराच्या सुमारास सापडलं: पाच पाच डॉलरची तीन अर्धुकं ओली होऊन एकाला एक चिकटली होती आणि आम्ही ती एकच धरली होती. काकांनी नखाने ती अलगद सोडवली, रजिस्टरमध्ये आकडा लिहिला आणि मग जेवायला उठले.

ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्याच सुमाराला मी ओशनिया फुटबॉल कॉन्फेडरेशनच्या, म्हणजे ओएफसीच्या, वरच्या माणसांबद्दल वाचत होते. ही संस्था १९६६ ची, कचेरी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. पूर्ण सदस्य अकरा: न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, ताहिती, सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा आणि कूक बेटं. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये बाहेर पडून आशियात गेला. फिफाच्या सभेत २११ देश, प्रत्येकाला एक मत. कूक बेटांवर आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकीही वस्ती नाही, पण तिथल्या अध्यक्षाच्या मताचं वजन जर्मनीच्या अध्यक्षाइतकंच. मला हा नियम मनापासून पटतो. समुद्रात विखुरलेल्या माणसांना जगाने मोजावं, तर असंच मोजावं. मात्र ज्याच्या हातात असं मत असतं त्याच्या दाराशी माणसं येतात, आणि तिथे तो कसा वागतो यावर बेटांवरच्या हजारो पोरांचा खेळ टांगलेला असतो.

चार्ली डेम्पसी मूळचे स्कॉटलंडचे, न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले. १९८२ ते २००० ते ओएफसीचे अध्यक्ष होते. जुलै २००० मध्ये झुरिचला २००६ च्या विश्वचषकाचं यजमानपद ठरत होतं. ते तेव्हा सगळे देश नव्हे, तर फिफाची चोवीस जणांची कार्यकारिणी ठरवायची, आणि तिथे ओशनियाचं मत डेम्पसींच्या हाती होतं. इंग्लंड बाद झालं तर मत दक्षिण आफ्रिकेला द्यायचं, असं त्यांच्या संघटनेने त्यांना सांगितलं होतं. शेवटच्या फेरीत त्यांनी मतच दिलं नाही. जर्मनी १२, दक्षिण आफ्रिका ११. असह्य दबाव होता असं ते नंतर म्हणाले. पण मत त्यांचं एकट्याचं नव्हतं, अकरा घरांनी मिळून त्यांच्या हाती दिलेलं होतं. म्हणून मला त्याचं वाईट वाटतं.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. ताहितीचे रेनाल्ड तेमारी, एके काळचे फ्रान्समध्ये खेळलेले फुटबॉलपटू, २००४ पासून अध्यक्ष होते. २०१० मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या पत्रकारांनी वेषांतर करून त्यांना मत आणि पैसा यांबद्दल बोलतं केलं आणि फिफाने त्यांना निलंबित केलं. त्यांनी अपील केलं. अपील चालू असल्यामुळे त्यांच्या जागी दुसऱ्याला मत देता येईना, आणि डिसेंबर २०१० मध्ये २०१८ आणि २०२२ चे यजमान ठरले तेव्हा ओशनियाची खुर्ची रिकामी होती. आणखी एक सदस्यही निलंबित होता, म्हणून चोवीसऐवजी बावीस जणांनीच मतदान केलं. पुढे उघड झालं की त्यांच्या वकिलांचा खर्च कतारच्या मोहम्मद बिन हम्माम यांनी उचलला होता. त्याबद्दल २०१५ मध्ये तेमारींवर आठ वर्षांची बंदी आली.

त्यांच्यानंतर पापुआ न्यू गिनीचे डेव्हिड चुंग. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ऑकलंडमधल्या ओएफसीच्या नव्या वास्तूच्या बांधकाम प्रकरणात फिफाने त्यांच्यावर साडेसहा वर्षांची बंदी घातली. त्यांच्या जागी वानुआतूचे लॅम्बर्ट माल्टॉक आले.

पैसा आता थोडाथोडका येत नाही. फिफाच्या फॉरवर्ड योजनेत २०२३ ते २०२६ या चार वर्षांत एकेका देशाला ऐंशी लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. इथे प्रायोजक मोजके आणि प्रेक्षकही मोजके. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर संघ न्यायचा तर विमान नाहीतर बोट, आणि त्या भाड्यातच वर्षाचं बजेट संपतं. त्यामुळे हाच पैसा म्हणजे मैदान, प्रशिक्षक, पंच, सगळं. आपल्याकडे एखाद्या मंडळाचा अध्यक्ष चुकला तर दुसरं मंडळ उभं राहतं. टोंगा किंवा सामोआमध्ये दुसरं काही नसतं. वरचा माणूस घसरला की खाली बारा वर्षांच्या पोराचा बूट अडतो.

आणि याच सामोआमधून सराय बेअरमन पुढे आल्या. आई सामोअन, स्वतः ऑकलंडच्या, आधी बँकेत काम केलेल्या. सामोआच्या फुटबॉल फेडरेशनच्या त्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या, मग ओएफसीच्या उपसरचिटणीस. २०१५ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणांनी फिफाचं घर पेटलेलं असताना जी सुधारणा समिती नेमली, तीत त्या होत्या, एकमेव स्त्री. २०१६ च्या सभेत उभं राहून त्या स्त्रियांच्या बाजूने बोलल्या, आणि त्याच वर्षी फिफाच्या महिला फुटबॉलच्या पहिल्या प्रमुख झाल्या. हिशेबाच्या वह्यांमधून वर गेलेली ही बाई. मला त्यांचा अभिमान वाटतो, माझ्या कुणीच नसताना.

फिजीचा कारभार आता बरीच वर्षं राजेश पटेल यांच्याकडे आहे. त्याआधी वकील असलेले डॉ. साहू खान यांनी तो दीर्घकाळ सांभाळला. रॉय कृष्णा आपल्याला एटीके मोहन बगान, बेंगळुरू आणि ओडिशाकडून खेळताना दिसला, तो लंबासाचाच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोविरुद्ध फिजीचा एकमेव गोल त्याचा. काका ती गोष्ट अजून कालच घडल्यासारखी सांगतात, जर्मनीकडून झालेला ०-१० चा पराभवही न लपवता.

मार्च २०२५ मध्ये न्यूझीलंडने आम्हाला ७-० हरवलं ती मॅच आम्ही त्यांच्याच घरी बघितली. ओशनियाला विश्वचषकाची थेट जागा पहिल्यांदाच मिळणार होती. तीन दिवसांनी न्यू कॅलेडोनियाला ३-० हरवून न्यूझीलंडने ती घेतली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग काकींनी यंगोनाचं, म्हणजे मुळांच्या भुकटीपासून केलेल्या इथल्या पेयाचं, भांडं पुढे ठेवलं, एकेक वाटी झाली, टाळ्या झाल्या, आणि बोलणं पुढच्या रविवारवर आलं.

आता जानेवारी २०२६ पासून आठ संघांची व्यावसायिक लीगही सुरू झाली आहे, फिजीचा बुला एफसी तिच्यात आहे. काकांचं काम मात्र तेच. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी नवं रजिस्टर आखायला घेतलं होतं. पट्टी धरायला मला बसवलं. गेट, पंच, बॉल, बस, पाणी, असे नेहमीचे रकाने झाले, तरी उजवीकडे जागा उरली. तिथे त्यांनी आणखी एक उभी रेघ ओढली आणि वर सावकाश देवनागरीत लिहिलं: लड़की लोग. गेल्या महिन्यात अकरा मुलींनी क्लबमध्ये नावं दिली होती. पहिल्या ओळीत खर्च पडला: बूट, चार जोड.