हंगामाचा हिशेब

१ मेला सकाळी झेंडावंदन आणि शाळेचा निकाल, संध्याकाळी त्याच पटांगणात मंडळाचं स्नेहसंमेलन, हा आपल्या गावचा जुना शिरस्ता. जाणत्यांनी ही तारीख विचार करूनच धरली होती. मुंबईकर आंब्या-फणसाला आलेले असतात, लग्नसराई चालू असते, पावसाला अजून महिना असतो. त्यानंतर एवढी माणसं एका जागी दिसतात ती थेट गणपतीत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मंडळाने माझी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली आहे. त्या खुर्चीवरून जे पाहिलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, गुणवंतांचे सत्कार, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि जमाखर्च हे सगळं रीतीप्रमाणे होतं. माझं लक्ष लागलेलं असतं ते त्यानंतर. निवेदक ‘हंगामाचा हिशेब’ म्हणून पुकारतो आणि समुद्री कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्र पोरांपैकी एक जण जाड वही छातीशी धरून माईकसमोर येतो. गेली काही वर्षं मुलगीच येते आहे. खाऱ्या हवेने वहीची पानं फुगलेली असतात, कोपरे तेलकट झालेले असतात. रकाने आखलेले असतात: तारीख, वेळ, भरती-ओहोटी, कुणाला घरटं दिसलं, अंडी किती, वाळूचं तापमान किती, पिल्लं किती बाहेर आली, किती नाही.

ही वही सुरू कशी झाली हे नव्या सुनांना आणि मुंबईच्या नातवंडांना माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वर येतात, पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. आपल्या लहानपणी ही अंडी सकाळी उकरून आणली जायची, खाल्ली जायची, बाजारात विकलीही जायची. १९७२ चा वन्यजीव कायदा होता, पण तो गावाच्या वेशीपर्यंत पोचलेला नव्हता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली, आणि २००२ मध्ये तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू झाली. पुढे वेळासचा कासव महोत्सव इतका गाजला की दूरदूरची माणसं तिथे गावकऱ्यांच्या घरी राहून पिल्लं बघायला येऊ लागली. आपली दापोलीला कॉलेजात जाणारी पोरं एका शिमग्याआधी तिकडे जाऊन आली आणि येताना जाळी विकत घेऊनच आली. त्यातल्या दोघांचे वडील अंडी शोधण्यात पटाईत म्हणून गावात ओळखले जायचे. हे मी त्यांना कमीपणा आणायला लिहीत नाही. घरटं कुठे असेल हे माग बघून ओळखण्याची नजर पोरांना त्यांच्याकडूनच मिळाली, आणि पहिल्या दोन हंगामांत वडीलच पहाटे कंदील घेऊन पोरांच्या पुढे चालत.

त्या वर्षीच्या संमेलनात एका मुलाने जमाखर्चानंतर उभं राहून परवानगी मागितली. मंडळाचा हिशेब झाला, आता पुळणीचा ऐका, म्हणाला. चौथीत पाढे म्हणताना ज्याचा आवाज फुटत नसे, तो मुलगा घरट्यामागून घरटं वाचत गेला. तेव्हापासून हा कार्यक्रम सुटलेला नाही.

मला दर वर्षी हलवून सोडतं ते हे, की ही मुलं गेलेलंही वाचतात. भाषणात माणसं जमेची बाजू सांगतात. ही मुलं अमुक नंबरच्या घरट्यात उधाणाचं पाणी शिरलं असं वाचतात. अमुक घरटं आम्ही पोचायच्या आधी कोल्ह्याने फोडलं होतं. अमुक घरट्यातून एकही पिल्लू आलं नाही, पंचावन्न दिवसांनंतर उकरून पाहिलं. सगळं सारख्याच आवाजात. एक वर्ष अशा ओळी ओळीने चार आल्या, तेव्हा मागे बसलेल्या कोळणी बोलायच्या थांबल्या आणि शेवटपर्यंत थांबलेल्याच राहिल्या. अंडी हलवताना ती जशी होती तशीच, वरची बाजू वर ठेवून काढायची, हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा, तळाशी रुंद असा खड्डा घ्यायचा, वर पाटी लावायची, दिवस भरत आले की टोपली उपडी घालायची. एवढं करूनही जे हातचं जातं ते गावासमोर उभं राहून सांगायला धीर लागतो.

तापमानाचा रकाना पहिल्या वर्षी नव्हता. तो आणला एका मुलीने, माझ्याच विद्यार्थिनीने. वाळूत खुपसायचे थर्मामीटर तिने मागवून घेतले आणि पुढच्या संमेलनात गावाला समजावून सांगितलं. कासवाच्या अंड्यात नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. २९-३० अंशांच्या खाली वाळू राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त, आणि त्याहून फारच तापली तर पिल्लू अंड्यातच दगावतं. ती म्हणाली, उन्हाळे असेच चढत गेले तर पिल्लं समुद्रात सोडल्याच्या टाळ्या आपण वाजवत राहू, आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्या माद्यांना नर मिळणार नाही. पटांगणात चुळबूळ झाली. एका आजोबांनी बसल्या जागेवरून विचारलं, मग करायचं काय? तिने उत्तर तयार ठेवलं होतं: झापं द्या. त्या आठवड्यात घरोघरच्या बायकांनी नारळाची झापं विणून दिली, आणि तेव्हापासून फेब्रुवारी सरला की हॅचरीवर झापांची सावली चढते. सावलीतल्या आणि उन्हातल्या वाळूचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिलेले असतात.

२०२० चं संमेलन टाळेबंदीत झालं नाही. हिशेब मात्र वाचला गेला. वाचणाऱ्या मुलीने तो फोनवर रेकॉर्ड करून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि मी तो ओटीवर बसून ऐकला. पुढे ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पुळणीवरची सुरूची झाडं आडवी झाली, माडांची शेंडी उडाली, शाळेचे पत्रे गेले. पोरांनी आधी म्हाताऱ्या माणसांची घरं शाकारली आणि मग पुळणीकडे वळली. वाळू कापली गेली होती तिथे त्यांनी मर्यादवेल लावली, मागच्या अंगाला उंडी आणि केवडा. वाळू धरून ठेवणारी झाडं हीच, हे त्यांना कुणी वरून सांगावं लागलं नाही. डोंगरमाथ्याच्या सड्यावर वणवा अडवायला जाळरेषा काढण्याचं कामही त्याच हिवाळ्यात सुरू झालं, कारण काजूची कलमं वादळातून वाचली आणि पुढच्या उन्हाळ्यात जळाली असं कुणालाच नको होतं.

२०२२ चं संमेलन दोन वर्षांनी भरलेलं, त्यामुळे खुर्च्या कमी पडल्या. त्याच जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवून तिचं नाव प्रथमा ठेवलं होतं. मग आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या माद्या. पोरांनी पांढऱ्या चादरीवर अरबी समुद्राचा नकाशा काढला आणि एकेकीची वाट रंगीत दोऱ्याने टाचली. आमच्या पुळणीवरची एकही त्यात नव्हती, तरी बायका दोऱ्यावर बोट फिरवून माहेरवाशिणीची चौकशी करावी तशी विचारत होत्या, ही आता कुठे, ती परत येते का. पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा चादर अपुरी पडली आणि तिला लुगडं जोडावं लागलं.

आणि २०२५! ओडिशात मार्च २०२१ मध्ये वल्ह्याला ओळखीची पिन मारलेली, ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेल्याचं उघड झालं. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, असं तोवर धरून चालत. हिशेब वाचणाऱ्या मुलीने हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, आपल्या पहिल्या हॅचरीतली पिल्लं आता वयात आली असतील. यंदा वर आलेल्यांत त्यांतली कुणी असेल, पण ओळखायला आपल्याकडे खूण नाही, म्हणून प्रत्येकीला आपलीच समजून राखायची. मला डोळे पुसावे लागले. माझ्या शेजारी बसलेले माजी अध्यक्षही चष्मा काढून बसले होते.

हिशेबानंतर जाखडी, आपल्या कोकणातला गोलातला नाच. शक्तीवाले आणि तुरेवाले या गाण्यातल्या दोन्ही पक्षांची तरुण पोरं उभी राहतात आणि सवाल-जवाब कासवावर चालतो. एका वर्षीचा सवाल माझ्या मनातून जात नाही: पोटची पोरं वाळूत पुरून जी मागे वळून बघत नाही, तिला आई म्हणायचं का? तुरेवाल्यांच्या शाहिराने जवाब दिला की तिने भरतीच्या रेघेवरची जागा धरली, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणला, वाळू लोटली आणि अंग या कुशीवरून त्या कुशीवर आपटून ती धोपटली; तिचं काम झालं, राखणीचं गावाचं. हे गाताना गोलातल्या पोरांनी पावलं बदलली. घुंगराचा पाय उचलून टाकण्याऐवजी ती डावी-उजवीकडे झुकून जमिनीवर तशीच धपधप करू लागली. मृदंगवाल्याने ठेका तिथल्या तिथे उचलला. ज्यांनी रात्री जागून कासव बघितलं आहे त्यांनाच ते पाऊल सुचावं. पुढे आणखी मंडळांनी ते उचललं, पण ते आमच्या पोरांचं आहे.

हिशेबाच्या वेळी खुर्च्या रिकाम्या असतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मार्चमध्ये पिल्लं सोडताना फोटो काढायला मुंबईकरांची रीघ लागते, आणि हिशेबाला नऊची गाडी गाठायची घाई. एका वर्षी प्रमुख पाहुणे इतकं लांबवत गेले की वही घेतलेली मुलगी पाऊण तास विंगेत उभी राहिली आणि शेवटी तिला पाच मिनिटांत आटपायला सांगितलं. तिने आटपलं नाही, पूर्ण वाचलं. पण ऐकायला उरले ते गावातलेच. पुढच्या बैठकीत आम्ही बायकांनी विषय लावून धरला आणि क्रम बदलून घेतला. आता आधी हिशेब, मग पाहुणे, मग जेवण. ज्यांना आपल्या गावचं काही वाटतं त्यांनी साडेसहाला खुर्चीवर असावं, एवढी माझी मागणी आहे.

आता आभार, कारण स्टेजवर ते घाईत होतात आणि कुणी ना कुणी राहतं. रात्रीच्या गस्तीची सगळी पोरं-पोरी, आणि त्यांना जाऊ देणाऱ्या त्यांच्या आया. आपले वनरक्षक, जे बदली झाल्यावरही हिशेबाला येतात. भंडारवाडीतले आबा, ज्यांच्या बेटातले बांबू दर वर्षी कुंपणाला लागतात आणि त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. झापं विणणाऱ्या सगळ्या घरच्या सुना-सासवा. ते तांडेल, ज्यांनी अडकलेली मादी सोडवायला नवं जाळं कापलं. सरकारच्या २०१८ च्या योजनेत त्याची भरपाई मिळते हे पोरांनी नंतर शोधून अर्ज भरून दिला, पण जाळं कापताना तांडेलांना ते ठाऊक नव्हतं. पुळणीजवळच्या खानावळीच्या वहिनी, ज्या हंगामात समुद्राच्या बाजूचे दिवे संध्याकाळीच घालवतात, गिऱ्हाइकं कुरकुरली तरी. मंडपवाले, जे न सांगता स्टेजच्या हॅलोजनचं तोंड डोंगराकडे करतात, कारण मेमध्येही हॅचरीत एखादं उशिराचं घरटं असतं. बचतगटाच्या बायका, त्यांची कुळथाची पिठी आणि भात. थर्मामीटरचं पार्सल दापोलीहून सांभाळून आणणारे एसटीचे कंडक्टर. शाळेचे शिपाई, सतरंज्या आणि पाण्याची पिंपं. दोन्ही शाहीर, मृदंगवाले, झांजवाले. आजारी असूनही ओटीवरून चादरीवरचा नकाशा आखून देणारे निवृत्त चित्रकला शिक्षक. पुण्याहून सुट्टी काढून येणारी ती माजी विद्यार्थिनी, जिने तापमानाचा रकाना आखला. पहाटे कंदील घेऊन पुढे चालणारे ते दोघे वडील. त्यांतले एक आता नाहीत, त्यांचा कंदील हॅचरीच्या खोपटात टांगलेला आहे आणि त्याची काच त्यांचा नातू पुसतो. स्मशानाजवळच्या उतारावर टॉर्च मारून पोरांना वाट दाखवणाऱ्या खालच्या आळीच्या काकी यांचं नाव मागच्या वेळी राहिलं होतं असं त्यांच्या सुनेने सांगितलं, म्हणून ते इथे लिहिते. लाउडस्पीकरवाले यंदा तालुक्याहून येणार आहेत, त्यांच्या चहाची सोय माझ्याकडे आहे. वही यंदा सातवीतून आठवीत गेलेली मुलगी वाचणार आहे, आतापर्यंतची सगळ्यात लहान, आणि ती रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन मोठ्याने वाचून दाखवते आहे.