सॉरी नव्हे, सोरी

मॉलच्या पार्किंगमध्ये एका गृहस्थांनी रिव्हर्स घेताना आमच्या गाडीचं दार चेपलं. उतरून तीनदा सॉरी म्हणाले. मला वाटलं, चला, चूक कबूल झाली. आठवड्याभरात त्यांनी विम्यासाठी लिहून दिलं की गाडी आमचीच मध्ये आली! ‘पण ते सॉरी म्हणाले होते,’ मी फोनवर तावातावाने सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, ‘ते धरत नाहीत.’

खरंच धरत नाहीत. कॅनडातल्या आमच्या ऑन्टारिओत २००९ साली ‘अपॉलॉजी ॲक्ट’ नावाचा कायदा झालाय. माफी मागितली म्हणून दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली ठरत नाही आणि विम्यावरही गदा येत नाही. दाव्याच्या धास्तीने माणसांनी माफीच मागू नये असं होऊ नये, हा हेतू. हेतू चांगला आहे, पण ज्याच्या गाडीचं दार चेपलं त्याने काय करायचं?

त्यानंतर महिनाभर मला हा शब्द सहन होईना. रांगेत धक्का माझा लागला तरी सॉरी समोरचाच म्हणतो. ऐकू आलं नाही, सॉरी? वाट हवी, सॉरी. आणि घरात सॉरी म्हणत नाही म्हणून आपण मात्र उद्धट! कुणाला पाय लागला तर आपला हात विचार न करता खाली जातो, त्याचं काय? आई रागावली की तासाभराने ‘जेवायला चल’ म्हणायची, आणि त्या दिवशी वाटीत साय-साखर असायची. तिने माझी कधी माफी मागितली नाही. मला कधी कमी वाटलं नाही.

मग साताऱ्याला बाबा गेले. शेजारच्या आजी दारात आल्या, म्हणाल्या, ‘आय ॲम सो सोरी.’ इकडचे लोक ‘सॉ’ नाही, ‘सो’ म्हणतात. मी बधिर होते. बोलून गेले, ‘तुमची काय चूक त्यात?’ त्यांनी काही समजावलं नाही. माझा हात दोन्ही हातांत घेऊन थंडीत तशाच उभ्या राहिल्या, हातमोजे काढून.

पुढे कधीतरी शब्दकोशात पाहिलं. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘सार’वरून आलाय. सार म्हणजे वेदना. दुखऱ्या जागेला इंग्रजीत ‘सोअर’ म्हणतात, तेही त्यातलंच. मुळात त्यात चूकबिक नव्हतीच, नुसतं दुखणं होतं. इकडच्या ‘सोरी’त मला ते अजून ऐकू येतं.

परवा आजींची बहीण गेली. मी दारातच ‘सोरी’ म्हणाले, अगदी त्यांच्यासारखं. मग आत जाऊन तासभर नुसती बसले. पिठलं-भात नेला होता, तो त्यांनी चमच्याने थोडा खाल्ला.