मंत्रचळ, बॅरलचे पाणी आणि कडक भाकरी

सोलापुरात आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरात बॅरल भरून ठेवावे लागतात. माझा आजार घरच्यांच्या लक्षात आला तो या बॅरलमुळेच, कारण मी एकेका वेळी वीस-पंचवीस मिनिटे हात धूत असे आणि चार दिवसांचे पाणी दुसऱ्याच दुपारी तळाला जाई. आजी याला मंत्रचळ म्हणे. शब्द नेमका होता, पण मंत्रचळावर उपचार असतात हे कोणाला ठाऊक नव्हते. पहिल्या दवाखान्यात ‘टेन्शन’ म्हणून झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि सहा महिने वाया गेले.

पुढे मनोविकारतज्ज्ञांनी दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा ४० पैकी २७ गुण आले, म्हणजे ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती करायला लावणारा आजार, आजीचा मंत्रचळ) तीव्र होता. म्हणून गोळ्या आणि वर्तनोपचार दोन्ही एकदम सुरू झाले. सर्ट्रालिन हे एसएसआरआय गटातले, नैराश्यावरही देतात ते औषध ५० मिलिग्रॅमपासून हळूहळू २०० पर्यंत नेले. ओसीडीला नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रा लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात, हे आधी सांगितले नसते तर मळमळीला कंटाळून मी तिसऱ्या आठवड्यातच गोळ्या सोडल्या असत्या. गुण आला नाही तर याच गटातले दुसरे औषध आणि त्यानंतर, ईसीजी काढून, क्लोमिप्रामिन, असा पुढचा क्रमही त्यांनी सांगून ठेवला होता.

खरी कसोटी मात्र वर्तनोपचाराची. ज्याची भीती वाटते ते करायचे आणि मग हात धुवायचे नाहीत. आधी भीतींची चढती यादी केली. एके दिवशी फाटकाची गंजकी कडी दोन्ही हातांनी धरून, तसेच बसून मी शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडून खाल्ली. पहिला घास गिळवेना, बोटांना चिकटलेले तिखट पाहून रडू आले. पण तासाभरात, पाण्याला हात न लावता, छातीतली धडधड आपोआप उतरली.

आईलाही पथ्य होते. ‘हात स्वच्छ आहेत ना?’ या माझ्या प्रश्नाला ‘हो गं’ म्हणायचे नाही, कारण तो दिलासाही हात धुण्यासारखाच आजाराला खतपाणी घालतो. तिला हे माझ्याहून जड गेले. ती उठून स्वयंपाकघरात निघून जाई.

सहा महिन्यांनी प्रश्नावलीतले गुण २७ वरून १२ वर आले. बरे वाटले तरी निदान वर्षभर गोळ्या चालू ठेवायच्या आहेत. यादीतले सर्वांत वरचे काम, दवाखान्यातल्या बाकावर बसून तिथेच चहा-बिस्किट खाणे, अजून बाकी आहे.