मास्टर्सचा कट आणि मानकुरादची पैज

मोठी गोल्फ स्पर्धा गुरुवार ते रविवार चालते, आणि मित्रांच्या पैजेत भांडण होतं ते बहुधा दुसऱ्या दिवसाचा खेळ संपल्यावर. कट लागलेला असतो (मागे पडलेले शनिवार-रविवार खेळत नाहीत, तो कट), कोणी तरी निवडलेल्या सहापैकी तीन खेळाडूंनी बॅगा भरलेल्या असतात, आणि ग्रुपवर मेसेज पडतो: "आता यांचं काय धरायचं?" हे बुधवारीच ठरलेलं नसेल, तर शनिवार-रविवार गोल्फ कोणी बघत नाही, वादच चालतो.

आधी पैजेची पद्धत. "कोण जिंकणार ते सांगा" हा प्रकार क्रिकेटला बरा, गोल्फला नाही. दहा जणांतले पाच अव्वल खेळाडू शेफलरचं नाव देतात, उरलेल्या पाचांचे खेळाडू शनिवारी दिसत नाहीत. त्यापेक्षा सगळे खेळाडू सहा गटांत वाटा आणि प्रत्येकाने प्रत्येक गटातून एक निवडावा. जागतिक क्रमवारीप्रमाणे पहिले 5, मग 6 ते 12, 13 ते 22, 23 ते 35, 36 ते 50 आणि शेवटी उरलेले सगळे. यात एक खोट आहे. लिव्ह या वेगळ्या व्यावसायिक लीगच्या स्पर्धांना बरीच वर्षं क्रमवारीचे गुण मिळत नव्हते, त्यामुळे तिथले खेळाडू क्रमवारीत त्यांच्या ताकदीपेक्षा खूप खाली सापडतात. त्यांच्यातला जॉन राम किंवा डीशॅम्बो चौथ्या-पाचव्या गटात दिसला तर हाताने वर उचलून ठेवा, नाहीतर सगळेच त्याला घेतील आणि तो गट असून नसल्यासारखा.

मास्टर्स ही एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टाला होणारी स्पर्धा, आणि तिचा सहावा गट म्हणजे वेगळीच जत्रा. जुन्या विजेत्यांना तिथे जन्मभराचं आमंत्रण असतं, शिवाय हौशी खेळाडू. 2023 मध्ये फ्रेड कपल्सने वयाच्या 63 व्या वर्षी कट पार केला, त्या एका आठवणीवर माणसं अजून जुनी नावं निवडतात. निवडू द्या. पहिल्यांदाच ऑगस्टाला आलेल्या खेळाडूंबाबतही जरा हात राखून. 1979 मध्ये फझी झोलर पहिल्याच खेपेत जिंकला, त्यानंतर 2025 पर्यंत ते कोणालाच जमलेलं नाही.

सहा निवडायचे, पण कमी फटके घेतलेल्या चौघांचेच फटके मोजायचे; बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. चारच का? समजा प्रत्येक खेळाडूची कट पार करण्याची शक्यता 60 टक्के आहे. मग सहापैकी निदान चार वाचण्याची शक्यता साधारण 54 टक्के येते, आणि तीनच मोजले तर 82. तीनांत कोणाला घाम फुटत नाही. पाच मोजले तर ही शक्यता 23 टक्क्यांवर येते, म्हणजे निम्मी मंडळी शनिवारी सकाळीच ग्रुप म्यूट करून मोकळी.

आता कटाचं. चार मेजर म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, आणि त्यांचे आकडे सारखे नाहीत: मास्टर्सला पहिले 50 आणि बरोबरीतले, यूएस ओपनला 60, पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपनला (नुसतं ओपन म्हणतात ती) 70. बाहेर गेलेल्याला उरलेल्या दोन दिवसांचे प्रत्येकी 80 फटके लावायचे, असा नियम पुष्कळ ठिकाणी चालतो. तो टाळा. ऑगस्टाचा पार, म्हणजे एका फेरीला ठरवून दिलेले फटके, 72, तिथे 80 म्हणजे 8 जास्त. ओकमॉन्ट या यूएस ओपनच्या एका मैदानाला पार 70, तिथे तेच 80 म्हणजे 10 जास्त. चूक तीच आणि दंड मैदान बदललं की बदलतो. म्हणून दंड "पार अधिक 8" असा लिहा. उदाहरणार्थ, ऑगस्टाला तुमचा खेळाडू 75 आणि 74 खेळून बाहेर पडला: पारपेक्षा 5 जास्त, वर शनिवारचे 8, रविवारचे 8, शीटमध्ये 21 जास्त. यूएस ओपनला मात्र हाही दंड कमी पडू शकतो, कारण तिथे कट पार केलेला माणूससुद्धा रविवारी 80 च्या वर जाऊ शकतो. मग राहिला तो फसला आणि गेला तो सुटला. त्या एका स्पर्धेपुरता "त्या दिवसाचा सगळ्यात वाईट स्कोअर अधिक 1" हा नियम ठेवा.

माघारीचा नियम एका ओळीचा: पहिला फटका मारण्याआधी खेळाडूने नाव मागे घेतलं तर त्याच गटातला क्रमवारीतला पुढचा खेळाडू मिळतो, फटका मारल्यावर पाठ धरली, मनगट दुखलं, काहीही झालं तरी न खेळलेल्या फेऱ्यांना कटाचाच दंड.

प्ले-ऑफचे, म्हणजे बरोबरी सोडवायला खेळलेल्या जादा होलचे, फटके धरायचे नाहीत. 2025 च्या मास्टर्सला मॅकलरॉय आणि रोझ दोघेही 277 वर थांबले होते, पहिल्याच जादा होलवर मॅकलरॉयने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारून विजेत्याचं जॅकेट घेतलं. पैजेच्या शीटमध्ये मात्र दोघांचे 277 सारखेच. मॅकलरॉय घेतलेल्याला हे पटत नाही, आणि त्याचंही खोटं नाही. विजेत्याला 3 फटक्यांची सूट द्या, प्रश्न मिटतो. एकूण बेरीज बरोबरीत आली तर विजेत्याचे एकूण फटके किती, याचा प्रत्येकाने आधी लिहून दिलेला आकडा काढायचा, जवळचा जिंकला. हा आकडा मागून घ्यायला लोक हमखास विसरतात.

निकाल लगेच जाहीर करू नका. 1968 च्या मास्टर्सला दी विचेन्सोने सतराव्या होलला 3 फटके घेतले होते, त्याचं कार्ड भरणाऱ्या सोबतच्या खेळाडूने 4 लिहिले आणि याने न बघता सही केली. 65 चे 66 झाले, प्ले-ऑफ हुकला. कार्डावर सही होऊन निकाल अधिकृत झाला की मगच शीट बंद.

शीट कोणाकडे द्यायची? गावच्या देवळाच्या उत्सवाचा हिशेब ज्याच्याकडे बिनतक्रार असतो, तसला माणूस बघा. निवडी त्याला एकट्याला पाठवायच्या आणि पहिला फटका पडल्यावर त्याने सगळ्या एकदम टाकायच्या, म्हणजे नकला होत नाहीत. मास्टर्सला पहिला गट आपल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास निघतो, तेव्हा गुरुवारी दुपारपर्यंत सवड. ओपनला पहिला फटका तिथल्या 6:35 ला, आपल्याकडे सकाळी 11:05 ला. म्हणजे बुधवारी रात्रीच दार बंद.

ओपनला आणखी एक गोष्ट बघायची: वेळापत्रक. 156 जण, तीन-तीनचे 52 गट, सगळे पहिल्याच टीवरून, म्हणजे पहिल्या होलच्या सुरुवातीवरून. पहिला गट खेळून परततो तेव्हा शेवटचे गट अजून निघालेलेही नसतात. गुरुवारी सकाळी खेळणारे शुक्रवारी दुपारी, आणि उलट. समुद्रावरचा वारा एका अर्ध्याला झोडपतो, दुसऱ्याला सोडतो. आपल्याकडे जुलैत किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. सहाही खेळाडू एकाच अर्ध्यातले घेतलेत तर तुमची पैज गोल्फवर नाही, पावसावर आहे. आणि मागच्या आठवड्यात कोणाचे पट (होलजवळचे हलके फटके) धडाधड गेले म्हणून त्याला उचलू नका. पटिंग आज आहे, उद्या नाही. लोखंडी काठीने ग्रीनवर, म्हणजे होलभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू आणण्याचे आकडे जास्त टिकतात, ते बघा.

बघण्याच्या बाबतीत ओपन सुखाची, रात्री अकराच्या आसपास आटपते. मास्टर्सचा रविवार म्हणजे सोमवारची पहाट, साडेचार. प्ले-ऑफ झाला तर पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याची वाट बघत चहा ठेवायचा.

पैसे मात्र गोळा करू नका, ओळखीतल्या ओळखीतही नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आहे, आणि तसंही पैसा आला की गंमत जाते. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर काय चालतं ते तिकडे चालो. मास्टर्सला शेवटच्याने पहिल्याला एक डझन मानकुराद आंबे द्यावेत, पण मे महिन्यात. एप्रिलच्या सुरुवातीला भाव ऐकून हरलेला ग्रुपच सोडेल. यूएस ओपन जूनमध्ये, ओपन जुलैमध्ये, आणि दोन्ही महिने ट्रॉलरची मासेमारी बंद. तेव्हाची देणी 1 ऑगस्टनंतर, इसवणात (सुरमईत). वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, तेही बुधवारीच लिहून ठेवा.